तिसऱ्या कुणी मारल्या

सुभद्रेला माणसांपेक्षा खाडी जास्त कळते, असं तिची सासू म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. सुभद्रा चारचौघींत अवघडायची, भलतंच बोलून बसायची. पण ओहोटीला माहीमच्या खाडीच्या चिखलात उतरली की तिचे तळपायच बोलायला लागायचे. पायाखाली जिवंत तिसरी आहे की नुसता रिकामा शिंपला, हे तिला वाकायच्या आधी कळायचं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वरळी कोळीवाड्यातल्या सात-आठ बायका शिवा नाखव्याच्या लहान होडीतून खाडीच्या तोंडाशी जायच्या, तिसऱ्या आणि कालवं गोळा करायच्या, आणि पाट्या डोक्यावर घेऊन दादरपासून लालबागपर्यंत विकत फिरायच्या. त्यातली सुभद्रा एक. सगळ्यांची पुढारी जाईबाई; ती सुभद्रेची थोरली जाऊ.

त्या वर्षी पावसानं गोपाळकाल्यानंतर पाठ फिरवली ती फिरवलीच. गणपती कोरडे गेले, नवरात्र कोरडं गेलं. चाळींतल्या नळांवर भांडणं होऊ लागली. खाडीची काळजी मात्र कुणालाच वाटली नाही. खाडीला पाण्याची काय वाण? दिवसातून दोनदा समुद्र तिला भरून देतो. दिवाळीपर्यंत मिठी नदीतून पावसाचं गढूळ पाणी उतरत असायचं, ते यंदा सुतळीसारखं बारीक होऊन थांबलं. वडाळ्याच्या मिठागरांतली माणसं खूश होती, मीठ लवकर पिकत होतं.

सुभद्रेला मात्र काहीतरी खटकत होतं. तिवरांच्या पानांवर पिठी साखर भुरभुरावी तसं मीठ बसलेलं. टाचांच्या भेगांत पाणी पूर्वी कधी झोंबलं नव्हतं, ते आता झोंबायचं. हे तिनं जाईबाईला सांगितलं तर जाईबाई म्हणाली, "टाचांना तेल लाव."

हे ऐकून घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे दौलत. माटुंग्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो शिपाई होता. राहायला डिलाईल रोडला. तिथल्या एका प्राध्यापकांनी खाडीच्या पाण्याचं काहीतरी चालवलं होतं, म्हणून दर सोमवारी दौलत माहीमच्या काठावर यायचा, बाटलीत पाणी भरायचा, त्यात काचेची एक कांडी सोडायचा. ती कांडी पाण्यात उभी तरंगायची. जेवढं पाणी खारं, तेवढी ती वर. मग आकडा पाहून वहीत लिहायचा. दोन वर्षांत त्याचा एक सोमवार चुकला नव्हता. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला होता, पण त्या वहीचा त्याला एवढा अभिमान, की पावसात ती टोपीखाली ठेवायचा.

"मावशी, तुमच्या टाचा बरोबर सांगतायत," तो एकदा म्हणाला. "गेल्या साली या दिवसांत हजार भाग पाण्यात बावीस भाग मीठ होतं. आज चौतीस. एवढं तर बाहेर भर समुद्रात असतं."

सुभद्रेला त्या हजाराचं काही कळलं नाही, पण आपलं कुणीतरी खरं मानलं याचं तिला फार बरं वाटलं.

त्याच दिवाळीत जाईबाईनं होडीतली सुभद्रेची जागा आपल्या भाचीला दिली. "तू आठवड्यातून तीन दिस ये," म्हणाली. सुभद्रेच्या तोंडून भर धक्क्यावर निघून गेलं, "माझी जागा खाल्लीस ना? आता बग, खाडी तुला खायला घालनार नाय!" बोलून गेली आणि घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी मन रमवायला तिनं चुन्याची डबडी आणून भिंती रंगवल्या.

नाताळाच्या सुमाराला तिसऱ्या मरायला लागल्या. आधी चार, मग पाटीभर. शिंपले तोंड उघडून पडलेले, आत काही नाही. जानेवारीच्या मध्यापर्यंत खाडीच्या तोंडावरची मोठी चर, म्हणजे तिसऱ्यांचा चिखलातला पट्टा, पार रिकामी झाली, नुसती टरफलं पायाखाली करकरायची.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, गिरणगावातले लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं पडली आणि कर्फ्यू लागला. पण कर्फ्यू रस्त्यावर लागला होता, पाण्यावर नाही. शिवाची होडी खाडीत गेलीच. विकायचं नव्हतं, घरात शिजवायला तरी काही मिळावं म्हणून. तो सोमवार होता. सुभद्रेनं काठाकडे पाहिलं. दौलत नव्हता. कसा असणार? तिला त्या वहीतली रिकामी ओळ दिसायला लागली. तिनं पाणी प्यायला आणलेली बाटली रिती केली, बायकांपासून लांब, दौलत जिथे भरायचा तिथेच जाऊन ती खाडीच्या पाण्यानं भरली आणि बूच घट्ट बसवलं.

जाईबाईनं लांबून पाहिलं, सुभद्रा वाकून बाटलीतलं काहीतरी खाडीत ओततेय.

संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात तिघींनी ते चौघींना सांगितलं होतं. धक्क्यावरचा शाप सगळ्यांना ठाऊक होता. चुन्याची डबडीही कुणीतरी पाहिली होती. चुन्यानं डबक्यातले मासे मारतात हे पोरासोरांनाही माहीत. रामजी पाटलांनी, म्हणजे कोळीवाड्याच्या जमातीच्या प्रमुखांनी, तिला बोलावून घेतलं.

"बाटलीत काय होतं गो?"

"पानी. खाडीचंच. त्या कॉलेजच्या दौलतसाठी भरलं."

"आनि ओतलंस ते?"

"माझं प्यायचं पानी."

"दौलत कुठं हाय मग?"

"डिलाईल रोडला ऱ्हातो," सुभद्रा म्हणाली. डिलाईल रोडवर गोळ्या चालल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं.

रामजी पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली. "पुढल्याच्या पुढल्या ऐतवारी जमात बसंल. तुझ्या मानसाला घेऊन ये. तवर शिवाच्या होडीत बसू नको."

त्या दिवसांत विहिरीवर सुभद्रा गेली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. भांडत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, एवढंच. जाईबाई तर मान वळवायची. दोघी एकाच घरात वर्षाच्या अंतरानं सुना म्हणून आल्या होत्या. सुभद्रेचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस जाईबाई तिच्याजवळून हलली नव्हती. सुभद्रेला विषाच्या आरोपापेक्षा ती वळलेली मान जास्त लागायची.

कर्फ्यू उठला त्याच दिवशी ती डिलाईल रोडला निघाली. वरळी नाक्यावरून चालत. दौलतचं आडनाव माहीत नाही, खोली माहीत नाही. पहिल्या दिवशी ती चाळींतून विचारत फिरली, पण माणसं अजून बिथरलेली होती. परक्या बाईला कुणी सरळ उत्तर देईना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नळावरची एक म्हातारी म्हणाली, "बाटल्यांचा दौलत? मीराबाईचा? त्याला तर पोलिसांनी नेला. बघ, त्या पलीकडच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर."

दुसऱ्या माळ्यावर गॅलरीत एका खोलीपुढे गर्दी होती. बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या, पुरुष चपला काढून आत जात होते. सुभद्रेनं जिन्याचा कठडा धरला. तिच्या मनात आधी आलं, मीराबाईचा पोर गेला. मग आलं, आता मला कोण सोडवणार. आणि हा दुसरा विचार आपल्या मनात आला याची तिला लगेच इतकी लाज वाटली, की ती तिथेच पायरीवर बसली.

तेवढ्यात आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग अजून दोघं हसले. एक ठेंगणी बाई परातीत गूळ आणि खोबरं घेऊन बाहेर आली आणि हातावर ठेवत ठेवत सुभद्रेपर्यंत पोचली.

"घ्या. माझा दौलत सुटून आला सकाळी." मग तिच्या कासोट्याच्या लुगड्याकडे बघून ती थबकली. "तुम्ही कुठल्या?"

सुभद्रा गूळ हातात घेऊन रडली, आणि मीराबाई, कोण कुठली कोळीण आपल्या लेकासाठी रडते हे बघून, तिच्यासोबत रडली. आतून दौलत ओरडला, "अगं आई, त्या खाडीवरच्या मावशी त्या! आत आण की त्यांना!"

तो बरा होता. थोडा वाळलेला, एक भुवई फाटलेली. "मी घोषणा पण नव्हत्या दिल्या," तो चहा पिताना म्हणाला. "दूध आणायला खाली उतरलो, तर गाडीत कोंबला. मग म्हटलं, आता आत आलोच आहोत तर दिलेल्या बऱ्या. तिथे रोज दिल्या." लोक परत हसले. सुभद्रेनं चहा घेतला, दुसरा कप घेतला, आणि सगळं सांगितलं. दौलत गंभीर झाला. ती बाटलीचं सांगायला लागली तेव्हा त्यानं मधेच विचारलं, "भरली होती? त्या सोमवारी? किती वाजता?"

"ओहोटी लागून घटकाभर झाली होती. तू भरतोस तवाच."

"मावशी," तो म्हणाला, "माझा एकही सोमवार चुकला नाही मग!"

त्यानं ज्या तऱ्हेनं ते म्हटलं त्यावरून सुभद्रेच्या छातीवरचा अर्धा दगड तिथेच उतरला.

पुढच्या सोमवारी दोघं खाडीवर गेले. सुभद्रा होडीतून नाही, दादर-माहीम असा पायी वळसा घालून आली. बाटलीतल्या पाण्याचा आकडा निघाला सदतीस; बाहेरच्या समुद्रापेक्षाही जास्त. दौलत तो वहीत लिहीत होता तोवर ती मेलेल्या चरीवर फिरत राहिली. तिथे आता कोणीच येत नव्हतं, त्यामुळे तिला लपायचं कारण नव्हतं. तिनं सहज एक टरफल उचललं आणि उन्हाकडे धरलं. तिच्या तळहातावर उजेडाचा एक ठिपका पडला.

टरफलाला भोक होतं. फुटकं नव्हे, वाकडंतिकडं नव्हे; सोनारानं पाडावं तसं गोल, टाचणीच्या डोक्याएवढं. तिनं दुसरं उचललं. त्यालाही तसंच. तिसरं बिनभोकाचं, चौथ्याला भोक. आजवर सगळ्याजणी मेलेले शिंपले चिडून भिरकावत होत्या. एकीनंही ते निरखून पाहिले नव्हते. ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी चिखल उकरू लागली. चार बोटं खाली तिच्या हाताला एक शंख लागला, अंगठ्याच्या पेराएवढा. तो एका जिवंत तिसरीला मिठी मारून बसला होता. तिनं तो ओढून काढला. खाली, तिसरीच्या पाठीवर, अर्धं कोरलेलं भोक.

"दौलत! ए दौलत, हिकडं ये रे!"

त्यानं शंख पाहिला आणि कपाळावर हात मारला. "हा आमच्या कपाटात आहे, मावशी. बरणीत. सर मुलांना शिकवतात तेव्हा मीच काढून देतो. हा भोक पाडतो, आणि आतलं मांस ओढून खातो. पण हा खाडीतला नाही. हा बाहेरच्या खडकांवरचा. गोडं पाणी लागलं की मरतो."

"आपल्या वरळीच्या खडकावर असत्यात हे," सुभद्रा हळूच म्हणाली. "दर साली पावसाचं पानी त्यांना दारातच अडवतं. यंदा दार उघडंच राहिलं."

जमात रविवारी सकाळी पाटलांच्या पडवीत बसली. दौलत आला तो पायरीपाशीच थांबला. डिलाईल रोडच्या त्या चाळीत कोण राहतात हे इथे सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला कुठे वर घेतात, कुठे नाही, हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. रामजी पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या शेजारची चटई थापटली. "तिथून वही कशी दिसंल रे आमाला? वर बस." तो वर बसला.

त्यानं आकडे वाचले. बाटलीची गोष्ट खरी निघाली, तशी बरीच डोकी खाली गेली. पण शिवा नाखवा हट्टी होता. "भोकं कोनीबी पाडंल. आनि बिनभोकाच्या मेल्या त्या?"

"त्या खारानं खंगून," दौलत म्हणाला. "आणि खाडीत विष पडलं असतं तर चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि चिंबोऱ्या आधी गेल्या असत्या. त्या तर नाचतायत."

"मी ऐकलेलं मानत नाय," जाईबाई म्हणाली. इतका वेळ ती खांबाला टेकून उभी होती. "मी माझ्या डोल्यांनी पायलं ते मानलं."

मग सुभद्रा उठली. चारचौघींत अवघडणारी सुभद्रा. "मग डोल्यांनीच बग, बाय," ती म्हणाली. "पाटील, तुमच्या पडवीत घमेलं ठेवा. खाडीचं पानी, चार जित्या तिसऱ्या, दोन शंख. मी तिकडं फिरकनार नाय. जाईबाय राखन बसंल. तिनं सांगावं, कोनी मारल्या."

जाईबाई राखण बसली. पहिल्या दिवशी शंख घमेल्याच्या कडेला गप्प पडून होते, आणि सुभद्रेच्या कानावर आलं की शिवा हसतोय. दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर काहीच आलं नाही. तिनं घर झाडलं, परत झाडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती दारात जाळं विणत बसली होती, तेव्हा जाईबाई गल्लीतून धावत येताना दिसली. जाईबाईचं वजन बघता ती धावताना कोळीवाड्यानं दहा वर्षांत पाहिली नव्हती. तिच्या एका हातात शिंपला होता, दुसऱ्या हातात अजून त्याला चिकटलेला शंख.

ती दारात येऊन धापा टाकत उभी राहिली. गल्लीतली दारं उघडली.

"यानं," ती शंख वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "यानं मारल्या! बसलेला बगितला मी. दीड दिस घासत होता मेला." मग तिचा आवाज एकदम बसला. "सुभद्रे, माझं डोलं जलो गो."

सुभद्रेनं खूप काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. विहिरीवरच्या कळशा, वळलेली मान, होडीतली जागा. त्यातलं एकही वाक्य वेळेवर सापडलं नाही. "बस आधी," ती म्हणाली, "छाती फुटंल तुझी," आणि पाणी आणायला आत गेली. पाणी घेऊन आली तेव्हा जाईबाई उंबऱ्यावर बसून रडत होती, आणि शेजारणी तिची समजूत घालायला म्हणून येऊन सुभद्रेच्या ओसरीवर बसल्या होत्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिची ओसरी भरली. कुणाला चहा टाकायचा आणि कुणाला नाही असं आता करता येण्यासारखं नव्हतं; तिनं सगळ्यांनाच टाकला.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण ते काम होतं, भीती नव्हती. मोठी चर गेली ती गेलीच. पण सुभद्रेनं सगळ्यांना खाडीत आत, वांद्र्याच्या बाजूच्या एका कोपऱ्याशी नेलं. तिथल्या तिवरांची पानं हिरवीगार होती, मीठ नव्हतं. जमिनीतून कुठूनतरी गोडं पाणी पाझरत असणार. दौलतच्या कांडीनंही तेच सांगितलं. तिथे तिसऱ्या जिवंत होत्या, नखाएवढी बारीक पिल्लंसुद्धा. त्या काढायच्या नाहीत असं जमातीत ठरलं. शिवा कुरकुरला, मग त्यानंच तिथे चार बांबू रोवले. आणि बायका रोज ओहोटीला त्या कोपऱ्याभोवतीचा चिखल उकरून शंख वेचायला लागल्या. उन्हाळाभर वेचत होत्या. पाट्याच्या पाट्या निघाल्या. त्या दिवसांत घरोघरी सुकटच शिजली, कुणी त्याबद्दल फार बोललं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस पुरेसा झाला. दिवाळी उलटल्यावर दौलतच्या वहीत पुन्हा बावीसचा आकडा पडला, आणि मोठ्या चरीच्या कडेला पायाखाली पहिल्यांदा काहीतरी जिवंत लागलं. अजून खूप लहान होतं. सुभद्रेनं ते वाकून पाहिलं, चिखलात परत ठेवलं आणि बाकीच्यांना हाक मारली. मग सगळ्याजणी एकेक पाऊल टाकत, तळव्यांनी चाचपत ती अख्खी चर फिरल्या. इथे आहे, इथेपण आहे, असं एकमेकींना ओरडून सांगत होत्या. जाईबाई तर पाय घसरून चिखलात बसली आणि बसल्या जागी हसत राहिली.

परतताना होडीत ऊन छान कोवळं होतं. सुभद्रा कडेला टेकून बसली होती. माहीमचा किनारा मागे पडायच्या आत तिचे डोळे मिटले. भाची मोठ्यानं काहीतरी सांगत होती, तिला जाईबाईनं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. शिवानं वल्हं जरा हळू मारायला घेतलं.